दोन घागरी पाणी

खरेदी केंद्रावरच्या रांगेत पुढे तीनच गाड्या उरल्या, तेव्हा दुर्गाबाईनं सहज म्हणून आपल्या गाडीतल्या कापसात खांद्यापर्यंत हात घातला. आत ऊब लागली. ओला कापूस आतल्या आत तापतो, हे वेचणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

अनसिंगकडची ही बाई. नवरा ग्यानबा गेल्याला वर्ष झालं होतं. चार एकर तिच्या नावावर चढले, पण गावाचं म्हणणं, बाईनं निंदावं, वेचावं. शेत वाहणं पुरुषाचं काम. निंदता-वेचता कंबर कुणाची मोडते, हे गाव विचारत नाही. शेवटी चार माणसांत ठरलं होतं, चौऱ्याहत्तरच्या या हंगामात तिचा कापूस पास झाला तर शेत तीच वाहील. गाडी परत आली तर पुढच्या सालापासून धाकटा दीर उकंडराव. दुर्गाबाई कबूल झाली होती. दव सुकल्याशिवाय तिनं बोंडाला हात लावला नाही, काडीकचरा निवडून काढला.

गाडी भरणं तेवढं तिच्या हातात नव्हतं. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर विधवेचा पाय पडू नये म्हणे. दिराच्या चिखलाच्या पायांचं लक्ष्मीला काही वाटत नाही. काल गाडीत कापूस भरून उकंडरावनंच तो तुडवला होता.

"भाऊजी, पाणी मारलं काय?"

गाडी हाकून आलेला उकंडराव बैलांच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "दाबून बसाले मारतातच ना, वयनी. सारेच मारतात."

"किती?"

"दोन घागरी."

चार थेंब सारेच शिंपडतात. दोन घागरी कुणी ओतत नाही. गाडी परत जावी म्हणूनच त्यानं ओतल्या, हे दुर्गाबाईला कळून चुकलं.

पुढची एक गाडी पास झाली, दुसरी कापूस तपासणाऱ्या ग्रेडरनं ओल लागली म्हणून परत पाठवली. गाडीवाल्यानं हात जोडले, पण ग्रेडर पुढे सरकला. आता मध्ये एकच गाडी होती.

दुर्गाबाईनं पदर खोचला, गाडीतली रिकामी पोती खाली अंथरली आणि चाकावर पाय देऊन ती गाडीत चढली. रांगेतले गडी बघतच राहिले. वरचा कोरडा कापूस तिनं पुढे लोटला आणि तळातला ओला, पिवळा पडलेला कवळ्या भरभरून खाली पोत्यांवर फेकू लागली.

"वयनी, उतरा खाली. लक्ष्मीले पाय लागून राह्यला तुमचा."

"तिले तुमी बुडवलं, भाऊजी. मी बाहेर काढून राह्यली."

शेवटची कवळी खाली पडली आणि ग्रेडर समोर उभा. त्यानं गाडीत खांद्यापर्यंत हात घातला, आतला कापूस ओढून बोटांत चोळला, उजेडात धरला. मग दुसरीकडून. मग अगदी तळातून.

"पास," तो म्हणाला. "नाव?"

"दुर्गाबाई ग्यानबा."

त्यानं लिहून घेतलं आणि पेन्सिलीनं पोत्यांवरचा ढीग दाखवला. "अन् हा कोणाचा?"

"कापूस माहाच हाय, पण त्यातलं पाणी माह्या दिराचं हाय," दुर्गाबाई गाडीतूनच म्हणाली. "तो त्याईच्या नावावर लिहा."

ग्रेडर उकंडरावकडे वळला. "सांगा नाव."

सगळी रांग ऐकत होती. उकंडरावला स्वतःचं नाव सांगता आलं नाही.