नमुन्याबरहुकूम

उघड्यावर बसून फुलं रंगवण्यात केवढा आनंद आहे, हे सरांनी पाऊण तास उभं राहून सांगितलं. ऐकणारे अकरा जण घडीच्या स्टुलांवर सरांकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे फुलांकडे सगळ्यांची पाठ होती.

सर म्हणजे हौशी मंडळींना चित्रकला शिकवणारे सर. दर रविवारी सकाळी ते सगळ्यांना गावाबाहेरच्या तलावावर नेत आणि निसर्गाशी त्यांची ओळख करून देत. मंडळीही तशीच. दातांचे एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, त्यांची बायको, आणि असेच बाकीचे. पोटं भरलेली, मुलं मार्गी लागलेली, आता उरलेल्या वेळाचं करायचं काय, तर निसर्ग. सरांचं बोलणं संपलं की सगळे उठत, फोनवर तलावाचे फोटो काढत आणि झाडाखाली जाऊन फोटोवरून चित्र काढत बसत. डोळ्यांवर ऊन येत नाही आणि ढगही हलत नाहीत. डॉक्टर तर फोटो बोटांनी मोठा करून एक्स-रे बघावा तसा न्याहाळायचे आणि म्हणायचे, "काय निसर्ग आहे हो!"

शेवटच्या स्टुलावर पाचटपके बसायची.

हे तिचं कारखान्यात पडलेलं नाव. चिनी मातीच्या कपबश्या करणाऱ्या त्या कारखान्यात तिनं एकोणतीस वर्षं कपांवर फुलं काढली. डाव्या हातानं चाकावरचा कप फिरवायचा, उजव्या हातानं ब्रश टेकवायचा. टप टप टप टप टप. पाच पाकळ्या झाल्या. मध्ये पिवळा ठिपका, खाली देठ, दोन पानं, की पुढचा कप. समोर खिळ्याला एक कप टांगलेला असे, तो नमुना. तुमचं फूल त्याच्यासारखं दिसलं पाहिजे, बस्स. फूल फुलासारखं दिसतंय का, हे विचारायला तिथं कुणाला वेळ होता? मुकादम तर फूल हा शब्दच उच्चारत नसे. तो म्हणे, "नग किती झाले?"

नवी नवी होती तेव्हा एकदा तिनं एक पाकळी जराशी कलती काढली, वाऱ्यानं हलल्यासारखी. तपासणाऱ्या बाईनं तो कप नमुन्याशेजारी धरला, मान हलवली आणि भंगाराच्या पिंपात टाकला. कप फुटल्याचा आवाज ऐकून मुकादम आला. म्हणाला, "बाई, वारा घरी ठेवून यायचा."

तिनं ठेवला. पुढं छापील फुलं आली. पाण्यात भिजवायची, कपावर चिकटवायची, भट्टीत सरकवायची. मग एका शनिवारी फुलं काढणाऱ्या बावीस बायकांसाठी मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांना घरी पाठवलं.

घरी तिला रिकामं बसवेना म्हणून मुलीनं तिला सरांच्या वर्गात घातलं. "आई, इतकी वर्षं कामासाठी काढलीस ना? आता आनंदासाठी काढ." मुलीचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूनं माणसाला कुठंही ढकलून देता येतं.

पहिल्याच रविवारी पाचटपकेला तलावाच्या पंपघरामागं एक फूल दिसलं. नाव कुणाला माहीत नाही, लावलेलं नाही, गवतात आपलं आपण उगवलेलं. निळं, पण कडेला पांढुरकं. तिनं पाकळ्या मोजल्या. सहा. त्यातली एक किड्यानं खाल्लेली, एक मागं मुडपलेली, दोन एकमेकींवर चढलेल्या. ती स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसली. असं काही तिनं इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. कारखान्याला खिडकी होती, पण ती भट्टीच्या बाजूला.

तिनं ब्रश रंगात बुडवला, कागदाला टेकवला. टप टप टप टप टप.

पाच पाकळ्या. मध्ये पिवळा ठिपका. सात सेकंदांत.

तिनं कागद बदलला. फुलाकडं डोळे फाडून बघितलं, सहा, सहा असं तोंडानं म्हणत ब्रश उचलला. पुन्हा पाच. हात थांबायचं नाव घेईना. अकरा वाजेपर्यंत तिनं चौदा कागद संपवले आणि चौदाही नमुन्याबरहुकूम.

सर मागं येऊन उभे राहिले. "वा, मावशी! हात काय बसलाय तुमचा!"

"तीच तर पंचाईत आहे," ती म्हणाली.

सरांना वाटलं ती विनोद करतेय. ते हसले.

घरी तिनं ओट्यावर कागद पसरला, आठवून आठवून काढायला बसली. मुलगी मागून डोकावली आणि खो खो हसली. "अगं, हा तर आपला कप! हे बघ, तुझ्यासमोरच आहे!" खरंच होता. त्यातच ती ब्रश धूत होती.

"हसू नकोस," पाचटपके म्हणाली.

"अगं पण छान आलंय की. चिडतेस कशाला? लोक छंद म्हणून करतात, तू जिवाला लावून घेतेस."

"मला एक फूल काढायचंय. एकच. समोर दिसतं तसं. एकोणतीस वर्षं फुलं काढली आणि एक फूल काढता येत नाही, याला काय म्हणायचं, सांग ना?"

मुलीनं कप धुऊन पालथा घातला.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "हात विसरा! डोळ्यानं काढा!" दर आठवड्याला ते हे म्हणत आणि दर आठवड्याला बँकेचे साहेब ते वहीत लिहून घेत. पाचटपकेनं मात्र शब्दशः ऐकलं. उजवा हात मांडीखाली दाबला आणि ब्रश डाव्या हातात घेतला. डाव्यानं जन्मभर कप फिरवले होते, त्याला फूल माहीत नव्हतं.

तासाभरानं सर फेरी मारत आले. "मावशी, हा काय प्रकार?"

"फूल आहे."

"कुणी पाय दिला का त्याच्यावर?"

मंडळी हसली. तिनंही कागदाकडं बघितलं. पाकळ्या सहा होत्या, एवढंच. बाकी सगळा चिखल. डावा हात मोकळा होता खरा, पण मोकळा म्हणजे काही शहाणा नव्हे. ती असली खोटी समजूत घालून घेणाऱ्यांतली नव्हती. तिनं कागद चुरगाळून पिशवीत कोंबला.

मग वर्गाचं प्रदर्शन आलं. सरांनी सगळ्यांची चित्रं स्वतः निवडली, स्वतः टांगली. डॉक्टरांचा तलाव, साहेबांचा तोच तलाव, साहेबांच्या बायकोचा तोच तलाव संध्याकाळचा, कारण तिच्याकडं नारिंगी रंग उरला होता. पाचटपकेच्या चौदा पाचपाकळ्या त्यांनी ओळीनं लावल्या. "सर, ही नका लावू," ती म्हणाली, "ही माझी नाहीत."

"मग कुणाची?"

"कारखान्याची."

"अहो मावशी, नम्रता बरी, पण इतकी नको."

लोक आले. तलावांसमोरून "छान, छान" करत पुढं सरकले आणि तिच्या भिंतीपाशी येऊन थबकले. तिथून हलेनात. एक आजोबा चष्मा पुसून पुन्हा बघू लागले. एका बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, "किती खरं फूल आहे! असं वाटतं, रोज सकाळी बघतेय." खोटं बोलत नव्हती बिचारी. गावातल्या निम्म्या घरांत चहा त्या फुलातूनच प्यायला जात होता. ज्याला ती निसर्ग समजून पाणावली होती, तो तिच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेला होता. पण हे सांगणार कोण? उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तर भाषणच ठोकलं. म्हणाले, कारखान्यांच्या आणि यंत्रांच्या या युगात अशी ताजी, थेट मातीतून उमललेली फुलं बघितली की जीव निवतो. पाचटपके मागच्या रांगेत बसून ऐकत होती. माती म्हणाल तर होती, चिनी.

सर पुढं झाले. "हे सगळं उघड्यावर बसून, प्रत्यक्ष निरीक्षणातून आलंय बरं का!" टाळ्या पडल्या. अशाच टाळ्या तिनं एका शनिवारी ऐकल्या होत्या.

त्या दिवसापासून मावशीची मॅडम झाली.

"मॅडम, येत्या रविवारी तुम्हीच शिकवायचं," सर म्हणाले. "सगळ्यांची मागणी आहे. तुमचं ते फूल."

"मला माझं एक काढायचंय, सर. पंपघरामागचं."

"काढा की! आधी यांचं होऊ द्या. फूल काय पळून जातंय?"

नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. मुकादमासमोर बावीसजणींत कुणालाच जमलं नव्हतं, ती सवयही हातासारखीच बसलेली. रविवारी ती उभी राहिली. अकरा जण दोन ओळींत बसले.

"ब्रश आडवा धरा. एका कडेला गडद रंग, दुसऱ्या कडेला फिका. टेकवायचा, दाबायचा, उचलायचा. पुसत नाही न्यायचा. टेकव, दाब, उचल."

टप टप टप. बघता बघता कागद भरू लागले. मंडळींना हर्ष मावेना. साहेबांनी आयुष्यात प्रथमच काहीतरी काढलं जे ओळखू येत होतं. डॉक्टर म्हणाले, "अहो, हे तर सोपं आहे! आतापर्यंत उगाच तलावाशी झटापट केली." साहेबांची बायको बाजूच्या बाईला डिवचत होती, "तुमची किती झाली? माझी वीस!" चहूबाजूंनी फुलं डुलत होती आणि एकाही माणसानं मान वर करून बघितलं नाही. आता फोटोचीही गरज उरली नव्हती. सर टोपी मागं सारून म्हणाले, "आनंद बघा, मॅडम! चेहऱ्यावरचा आनंद बघा!"

पाचटपके ओळींमधून फिरत होती. हात मागं बांधलेले, मान पुढं काढलेली. "पाणी जास्त झालं. ठिपका मधोमध. हं, चांगलं." दुसऱ्या ओळीत एक शिक्षिका बसली होती, अबोल, आठवड्यापूर्वीच वर्गात आलेली. तिच्या कागदावर चार पाकळ्या सरळ होत्या आणि पाचवी कललेली, जरा वर उचललेली.

"ही कलती झाली," पाचटपके म्हणाली. "दुसरा कागद घ्या."

शिक्षिकेनं निमूटपणे कागद काढला आणि बाजूला टाकला.

पाचटपके त्या पडलेल्या कागदाकडं बघत राहिली. आपण काय बोललो ते तिच्या कानांवर आत्ता आलं. बांधलेले हात तिनं सोडवले. वाकून कागद उचलला, त्यावरची माती झटकली आणि शिक्षिकेच्या मांडीवर परत ठेवला.

"माझं ऐकू नका," ती म्हणाली. "हीच चांगली आहे."

आणि तिनं आपलं स्टूल उचललं.

"मॅडम, कुठं निघालात?" सर ओरडले. "अजून देठ राहिलाय!"

"देठ तुम्ही लावा!"

"अहो, सगळे खोळंबलेत!"

"खोळंबू द्या. समोर फुलं आहेत, तोवर ती बघा म्हणावं."

पंपघरामागं जाऊन तिनं स्टूल टेकवलं आणि बघितलं तर निळा रंग कुठंच नाही. गवत तेवढं. ती खाली वाकून शोधू लागली. मागच्या दारात विडी ओढत बसलेल्या पंपवाल्यानं विचारलं, "काय हरवलं, बाई?"

"इथं फूल होतं."

"आहे की. ते बघा. साडेअकराला मिटतं ते. त्याची ड्यूटी संपली."

देठाच्या टोकाला छत्री मिटावी तसं ते पिळून बसलं होतं. पाकळ्या एकीत एक गुंडाळलेल्या, पाच की सहा हे आता कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिला इतका संताप आला, की रडू फुटायचं तेही फुटेना. अकरा जणांना ठिपके शिकवत सकाळ घालवली आणि जे हवं होतं ते दार लावून बसलं. सर म्हणाले होते, पळून जातंय थोडंच. पळून गेलेलं परवडलं असतं.

पण स्टूल टेकलेलंच होतं, कागद लावलेलाच होता. तिनं सवयीनं उजव्या हातात ब्रश घेतला, रंगात बुडवला, कागदावर नेला.

हात हवेतच थांबला.

टपका द्यायचा कुठं? मिटलेलं फूल कारखान्यात कुणी काढलंच नव्हतं. त्याचा नमुना खिळ्याला नव्हता. हातानं वाट बघितली, एकदा बोटं चुळबुळली, मग गप्प झाली. नाइलाजानं तिला मान वर करून बघावं लागलं. टोकाला जांभळं होतं. खाली पीळ सैल होत गेलेला आणि दोन पिळांच्या मध्ये एक फिकट हिरवी रेघ, केसाएवढी. तिनं ती रेघ ओढली. पुन्हा वर बघितलं. थोडीशी डावीकडं होती. पुसली, पुन्हा ओढली. टपका एकही नव्हता. ब्रश कागदावरून सरपटत होता, अडखळत होता, नवशिक्यासारखा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पंपवाला दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "हां, अस्संच दिसतं ते." मग पंप सुरू करायला निघून गेला.

शेवटी सर आले, घामाघूम. "मॅडम, हे काय आरंभलंय? मिटलेलं कशाला काढताय? तिकडं उघडी ढीगभर आहेत. आणि हे लोकांना आवडणार का? फूल आहे हेही कळत नाही."

"सर," ती म्हणाली, "तुमची सावली पडतेय. जरा बाजूला व्हा."

सर जन्मात कुणाच्या सांगण्यावरून बाजूला झाले नव्हते. पण झाले. तिनं देठाकडं पुन्हा बघितलं. कागदावरचा देठ जरा जाड झाला होता.