बद्रीनाथचा कान

“कृष्णा, गिरणी बंद!”

बद्रीनाथनं हात वर केला आणि मुकुंदवाडीच्या त्या बोळानं श्वास धरला. कृष्णाच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला. लक्ष्मीबाईनं कुकरखालचा गॅस बंद केला. बद्रीनाथच्या गॅरेजसमोर राहायला आल्यापासून तिची डाळ कधी पुरती शिजलीच नव्हती, आणि तिच्या नवऱ्याला आता तीच चव आवडायला लागली होती. गोजरबाईनं कोंबडा डालीखाली कोंडून वर गोधडी टाकली. एक लेकरू रडत होतं, त्याच्या तोंडात गुळाचा खडा गेला. बावीस वर्षांचा रिवाज होता. टर्बोच्या गाडीची हवा कुठून निसटते ते बद्रीनाथ मेकॅनिक कानानं हुडकायचा, आणि तो हुडकत असताना बोळात कुणी शिंकायचंही नाही.

गाडीचे मालक व्यंकटराव, जिल्हा परिषदेतले निवृत्त हेडक्लार्क, स्टुलावर ताठ बसले होते. त्यांची गाडी दौलताबादच्या चढावर दम टाकत होती आणि मागून काळा धूर सोडत होती. शोरूमवाल्यांनी न तपासताच सांगितलं होतं, टर्बो गेला, बदला. बद्रीनाथनं काल चार लोकांसमोर छातीवर हात मारला होता, “टर्बो ठणठणीत हाय साहेब. त्यानं कोंबलेली हवा इंजिनापत्तुर पोचंना, मधीच कुठंतरी पळायली. उद्या कानानं दावतो तुमाला.”

आता त्यानं टर्बोच्या तोंडाला टोपण आवळलं, टोपणातल्या व्हॉल्व्हमधून आत हवा सोडली, कॉम्प्रेसरची मोटार बंद करून नुसती टाकीतली हवा चालू ठेवली आणि डोळे मिटून पाईपांवर वाकला. पाईप कुठं चिरला असेल तर तिथून सुईएवढा आवाज येतो. स्स्स... झोपलेल्या माणसाच्या ओठांतून यावा तसा.

आला नाही.

खरं म्हणजे सहा महिन्यांपासून येत नव्हता. गिरणी ऐकू यायची, रेल्वे ऐकू यायची, बायकोचा, आवडाबाईचा, राग तर दोन घरं सोडून ऐकू यायचा. पण चिमण्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली, आणि ही सुईएवढी हवाही गेली. बद्रीनाथनं कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या पाच गाड्यांना त्यानं कान लावायचं नाटक केलं आणि पाईपाची दिसेल ती क्लिप आवळली. पाचही गाड्या नीट झाल्या. देव अशा वेळी माणसाची फार खोडी काढतो. पहिल्याच गाडीला तोंडावर पाडलं असतं तर बरं झालं असतं.

आज सगळ्या क्लिपा घट्ट होत्या. आणि अख्खा बोळ त्याच्यासाठी गप्प उभा होता.

त्या गप्पपणात बद्रीनाथ हळूहळू बुडायला लागला. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. वर उजेड हलतोय, गिरणीतलं पीठ हवेत थांबलंय, दोरीवरची लुगडी मासळीसारखी सावकाश वळतायत. त्याला जुने आवाज आठवले. वाळूजच्या मॅनेजराची गाडी गवतातून साप जावा तशी सुसकारायची. एका डॉक्टरीणबाईच्या गाडीचा आवाज तर इतका गोड होता, की पाईप बदलताना त्याला वाईट वाटलं होतं. हे सगळे आवाज डोक्यात स्वच्छ होते. फक्त बाहेर एकही नव्हता.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बोळात एवढा वेळ कुणी कधी गप्प राहिलं नव्हतं, मयताला पण नाही. नाक्यावरून एक स्कूटरवाला आत वळला, सगळे माना खाली घालून उभे दिसले, तेव्हा त्यानं हेल्मेट काढलं आणि तोही उभा राहिला. त्याच्या मागून दोघं आले. मग खबर लागल्यासारखे काकासाहेब आले. काकासाहेब चार निवडणुकांत पडले होते आणि श्रद्धांजलीचं भाषण खिशात घेऊनच फिरायचे.

“कोण गेलं?” त्यांनी कृष्णाला कानात विचारलं.

“गाडी,” कृष्णा पुटपुटला.

“अरारा! गाडीखाली? व्यंकटरावांच्या घरातलं का?” आणि कृष्णानं तोंड उघडायच्या आत ते व्यंकटरावांजवळ गेले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “धीर धरा. आमी हावोत.”

व्यंकटराव घाबरले. “का हो, इतकी वाईट अवस्था आहे?”

“शूऽऽ!” अख्खा बोळ.

बद्रीनाथनं डोळे उघडले. पन्नास माणसं त्याच्याकडं बघत होती. एकाच्या हातात हार होता. बद्रीनाथच्या कपाळावरून घाम नाकावर आला. ‘कोणत्याबी पाईपावर बोट ठिवावं,’ त्याच्या मनात आलं, ‘आन् म्हनावं हितं.’ त्यानं बोट उचललं. ते हवेत तसंच राहिलं.

तेवढ्यात नळावरून आवडाबाई उठली. धुण्याच्या बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून तिनं फेस उचलला आणि कुणाला काही न विचारता गाडीत वाकली. चपातीला तेल लावावं तसा तिनं तो एकेका पाईपावर थापला. साबणाला बद्रीनाथ जन्मभर नावं ठेवत आला होता. साबण धुण्याला, कान मेकॅनिकला, असं तो म्हणायचा.

खालच्या पाईपाच्या वाकणात, क्लिपेच्या आड, एक बुडबुडा फुगला. फुटला. परत फुगला.

“बगा,” आवडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, “ह्यांनी बोट केलं तितंच निघालं की! मी आपला नुसता साबण लावला.”

बोळानं सुस्कारा सोडला. बद्रीनाथचं बोट अजून हवेत होतं, चांगलं हातभर लांब, उलट्या दिशेला. आवडाबाई त्याच्याकडं बघत नव्हती, हात पदराला पुसत होती. म्हणजे हिला ठाऊक होतं. सहा महिने ही मोठ्यानं बोलत होती, ते रागानं नव्हतं.

त्यानं बोट खाली घेतलं.

“म्या नाय हुडकलं,” तो म्हणाला. “हिनं हुडकलं. मला ऐकूच येत नाय. सहा म्हैने झाले. तुमी उगंच गप बसायलेत.”

आता जी शांतता पसरली ती कुणी सांगून झालेली नव्हती. पहिल्यांदा काकासाहेब सावरले, घसा खाकरून म्हणाले, “या दुःखद प्रसंगी मी दोन शब्द...”

“नगं!” अख्खा बोळ ओरडला. लक्ष्मीबाईनं गॅस पेटवला. गुळाच्या खड्याचं लेकरू परत रडायला लागलं.

“येडं का काय ह्ये माणूस,” आवडाबाई बादलीकडं जाताना म्हणाली. “झाकलं तर उगडून बसलं.”

दुपारी नवा पाईप बसला. व्यंकटराव गाडी घेऊन निघाले तेव्हा बद्रीनाथ शेजारी बसला. बीड बायपासला रस्ता मोकळा मिळाला, तसं तो म्हणाला, “आता दाबा साहेब.”

गाडीनं एका दमात उचल घेतली. आरशात काळा धूर नव्हता. बद्रीनाथला पाठीत ढकलल्यासारखं झालं, तेवढ्यावरूनच त्याला कळलं, हवा पोचली. पण हवा पोचली की टर्बो स्वतः एक बारीक शिट्टी मारतो, तब्येत बरी असल्याची. ती त्याला हवी होती.

“साहेब, शिट्टी यायली का?”

व्यंकटरावांनी काच वर घेतली, मान कलती केली. “येतेय. अगदी स्पष्ट.”

“कशी?”

व्यंकटरावांनी जन्मभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ यापलीकडं काही लिहिलं नव्हतं.

“आमची नात वैदेही,” शेवटी ते म्हणाले, “लहान असताना बशीतल्या चहावर फुंकर घालायची. तशी आहे. नाही, थांबा. त्याहून बारीक. ती फुंकर शेजारच्या खोलीतून ऐकू यावी, तशी.”

“आन् वर चढती का?”

“चढते. हळूहळू. आत्ता बघा, वर... वर... आता विरली.”

बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले होते.

“परत दाबा,” तो म्हणाला. “आन् सांगत ऱ्हावा.”