सोमवार ते बुधवार बंद

धरणाचा तळ दिसायला लागला, तेव्हा आमच्या बेनी मलाल गावातल्या सगळ्या हमामांच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरांच्या, दारांवर कागद चिकटले. सोमवार ते बुधवार बंद. आमच्या दारावरचा कागद वस्तीच्या अधिकाऱ्याने स्वतः उभं राहून लावून घेतला. मालक हाज्ज बूअज्जा बाजूला मान खाली घालून उभे होते. बोलली ती रब्हा.

"साहेब, पाणी नाही तर नाही, ते मलाही दिसतंय. पण ते तीन दिवस पोट कुठे ठेवायचं, तेवढंही कागदावर लिहा की."

"कागदावर जागा उरली नाही, बाई," अधिकारी म्हणाला, आणि पुढच्या हमामाकडे गेला.

मी इज्जा. बायकांच्या दाराशी बसून पैसे घेते, कपडे सांभाळते. रब्हा आत गरम खोलीत बायकांची अंगं घासायची. तिला पगार असा नव्हताच, बायका जाताना हातावर ठेवतील ते तिचं. पन्नाशी उलटली होती, नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. हात मात्र असे, की तिच्याकडून घासून घेतलेली बाई बाहेर येऊन माझ्यासमोर बसली की डुलक्याच खायला लागायची. पाण्याचं तर तिला आधीपासूनच वेड. कुणी नळ वाहता ठेवून गप्पा मारायला लागली की ती पायानेच नळ बंद करायची आणि म्हणायची, "धरण काय तुझ्या सासऱ्यानं बांधलंय?" बायका हसायच्या. नंतर धरणात खरोखरच पाणी राहिलं नाही आणि हसणंही थांबलं.

कागद लागल्यावर दोन आठवडे रब्हा घरी बसली. मग एक दिवस तिने काळा साबण आणि खरखरीत हातमोजा पिशवीत टाकला आणि लोकांच्या घरी जाऊन अंग घासायला लागली.

"हाज्जांना कळलं तर?" मी म्हटलं.

"कळू दे. त्यांच्या भट्टीतलं लाकूड नेत नाही मी. एका बादलीत एक बाई न्हाऊ घालते. सरकारनं मला बक्षीस द्यायला पाहिजे."

थंडी पडली आणि तिला बोलावणी वाढली. घराघरांत लोकांनी गॅसचे बंब बसवून घेतले होते. न्हाणीघर एवढंसं, त्यात भिंतीवर बंब, खाली सिलिंडर. आधी बंब फक्त भांडी धुवायला लागायचा, आता तीन दिवस सगळं घर त्यावरच न्हायचं.

लल्ला झहूर आमच्या हमामची जुनी गिऱ्हाईक; लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. नवऱ्याचं कापडाचं दुकान, स्वभाव करारी, पण रब्हावर जीव. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, गिझलानला, रब्हानेच लहानपणापासून घासलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशीही तिनेच न्हाऊ घातलं. गिझलान बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. चाळीस दिवस भरले तो मंगळवार होता.

"गुरुवारी हमाममध्येच आणा की तिला," रब्हा म्हणाली. "मी स्वतः बघते."

"बुधवारी तिच्या सासरची माणसं येणार," लल्ला झहूर म्हणाल्या. "न न्हालेली पोर त्यांच्यापुढे बसवू? तू ये, रब्हा. तुझ्याशिवाय दुसरी कुणी नको."

रब्हा गेली. पुढचं मला तिनेच सांगितलं, इस्पितळात.

त्या दिवशी नळाला पाणी दुपारनंतर आलं आणि तेही करंगळीएवढं. बंब पेटला, पण बादली भरता भरेना. न्हाणीघराला वर एक लहान खिडकी होती, तिची काच फुटलेली. तिथून डोंगरावरचं वारं आत यायचं. लल्ला झहूरनी एक घोंगडी आणून त्या खिडकीत कोंबली.

"लल्ला, थोडी फट राहू द्या," रब्हा म्हणाली.

"बाळंतीण आहे ती, गार वारा लागेल. आणि हमामच्या गरम खोलीत कुठे गं खिडकी असते?"

 हमामची भट्टी भिंतीपलीकडे असते आणि इथे जाळ डोक्यावर आहे, हे रब्हाच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण लल्ला झहूरशी वाद कुणी घालत नसे. बाळाला आजीकडे देऊन गिझलान आत आली. बायामाणसांची लाज, म्हणून आतून कडी लावली.

पाणी हळूहळू येत होतं, म्हणून न्हाणंही लांबलं. पाठ झाली, हात झाले. मग गिझलान म्हणाली, "खाला, डोकं फार ठणकतंय." रब्हाने तिला खाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. हमाममध्ये बायकांना घेरी येतेच, तसंच असेल असं तिला वाटलं. मग ती खिडकीतली घोंगडी काढायला उठली, तर पायच उचलेनात. गुडघ्यावर पडली. हाताशी रिकामी बादली आली, ती तिने दारावर आपटली. किती वेळा आपटली ते तिला आठवत नव्हतं.

शेजारच्या माणसांनी दार तोडलं. बंबाचा विषारी वायू आत कोंडला होता. रब्हाचा श्वास चालू होता. गिझलानचा नव्हता.

मी इस्पितळात गेले तेव्हा रब्हाच्या नाकाला नळी होती आणि दोन पोलीस पलंगाशी उभे होते. थोरला म्हणाला, "बाई, मुलीची आई सांगते की खिडकी तुम्ही बंद केलीत. वाफ राहावी म्हणून. खरं आहे का?"

 रब्हा म्हणाली, "हो."

ते लिहून घेऊन गेले. मी दार लावलं तेव्हा तिने मला सगळं सांगितलं.

"मग खोटं का बोललीस?" मी म्हटलं. "वेड लागलंय का तुला?"

"तिची पोर गेली, इज्जा. त्यात घोंगडी तिच्याच हातची. तेवढं घेऊन ती कशी जगेल?"

"आणि तू कशी जगशील?"

"मला कोण आहे?" ती म्हणाली. "शिवाय उठून घोंगडी काढायला मला कुणी अडवलं होतं? मीही काढली नाहीच."

पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. गावाने मिटवलं नाही. रब्हा हमाममध्ये परत आली, तर बायका दुसऱ्या घासणारीकडे रांग लावायच्या आणि रब्हा हातमोजा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून राहायची. एक म्हातारी तर माझ्यासमोरच म्हणाली, "त्या हातांना मी पाठ देणार नाही." महिनाभराने हाज्ज बूअज्जांनी मला बाजूला घेतलं. "आता येऊ नको म्हणून तिला तूच सांग, इज्जा. माझ्यानं बोलवत नाही. आधीच आठवड्यात चार दिवस उरलेत, ते तरी चालले पाहिजेत."

मी सांगितलं. म्हटलं, "अजून वेळ गेलेली नाही. तू बोलत नसशील तर मी बोलते."

"तू बोललीस तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही मी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मी ओळखलं की ती खरं बोलते आहे. त्याच आठवड्यात ती अझिलालच्या वर डोंगरात तिच्या भावाकडे निघून गेली. तिथली विहीर आटली होती, टँकर आला तर पाणी.

वसंतात एका गुरुवारी लल्ला झहूर आल्या. पांढऱ्या कपड्यांत, निम्म्या झालेल्या. हातात बादली.

"रब्हा आहे?"

"नाही, लल्ला. भावाकडे गेली. येणार नाही आता."

त्या बाकावर बसल्या. बराच वेळ कपडे उतरवले नाहीत की उठल्याही नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घोंगडी मी कोंबली होती."

"माहीत आहे मला."

"तिनं सांगितलं?"

"मला सांगितलं. आणखी कुणाला नाही."

 मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग उठून अंगावरच्या कपड्यांसकट गरम खोलीत गेल्या. दुसरी घासणारी मला नंतर सांगत होती, की लल्ला झहूर मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं बोलल्या. "माझ्या हातानं झालं, रब्हाच्या नाही," असं दोनदा म्हणाल्या.  एक नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. बाहेर आल्या तेव्हा कपडे भिजून अंगाला चिकटले होते आणि तशाच त्या रस्त्याने घरी गेल्या.

संध्याकाळी मी रब्हाला फोन लावला. डोंगरात आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं.  

"आता तरी ये परत," मी म्हटलं.

"कशाला? बायका घासून घेतील माझ्याकडून?"



"हाज्ज म्हणतात, उन्हाळ्यात हमाम पूर्ण बंद करावं लागेल," मी म्हटलं.

"मग बघ," ती म्हणाली. तिने विचारलं, "बाळाला काय पाजतात?"

"डब्याचं दूध. लल्लांकडेच आहे ते."

"धरणाच्या तळातलं पाणी देतायत ना नळाला? वास येत असेल. लल्लाला सांग, दोनदा उकळ म्हणावं. गाळून, मग पुन्हा उकळ."

"तूच सांग ना तिला."

"नाही," रब्हा म्हणाली. "तू सांग."