शंकासुरीच्या रक्तात काय सापडलं

मी एक म्हातारी मेंढी आहे. माझ्या कानातल्या बिल्ल्यावर सदतीस हा आकडा आहे, पण आमचे राखणदार काका मला शंकासुरी म्हणत. खाद्य समोर आलं की मी तीनदा हुंगायचे आणि मगच तोंड लावायचे. मित्रांनो, संशय आम्हा मेंढ्यांच्या रक्तातच असतो. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांचा वंश पुढे राहिला नाही.

माझा जन्म एका संशोधन केंद्रातल्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये झाला. तरुणपणी मी चारदा व्याले, त्यात दोनदा जुळी झाली. पाहुणे आले की काका मलाच पुढे करायचे.

मग एका वर्षी सगळं बिनसलं. आम्हा बारा जणींपैकी एकही वेळेवर माजावर येईना. आधी एडक्याला तपासलं. तो बिचारा निर्दोष निघाला. मग केंद्राच्या डॉक्टरीणबाईंची नजर खाद्यावर गेली, आणि खाद्यावरून काकांवर. काका बुरशी लागलेली पेंड मिसळत असावेत, असं त्यांच्या मनानं घेतलं. खाद्याच्या खोलीला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं. काकांनी सांगून पाहिलं, की सकाळी सातला दार उघडतो तेव्हा सगळ्या एका कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असतात, कशाला तरी भितात. बाईंना ती सारवासारव वाटली. काकांना कामावरून काढण्याची आणि मला वांझ म्हणून विकण्याची बोलणी सुरू झाली.

मला खरं कारण ठाऊक होतं. नवा पहारेकरी पहाटे आपला कुत्रा आमच्या मागच्या कुंपणाला बांधायचा, आणि काका यायच्या आत सोडून न्यायचा. कुत्रा भुंकत नसे. तो नुसता बघत बसे. भुंकणाऱ्याचा अंदाज येतो; गप्प बघणाऱ्याच्या मनात काय आहे, कुणी सांगावं? पण मेंढीची साक्ष कोण काढणार?

साक्ष दिली ती माझ्या रक्तानं. बाई दर तिसऱ्या दिवशी सकाळी आमचं रक्त काढत. सुईचा मला राग होता. या बाईही काहीतरी चोरून नेतात, असंच मला वाटे. एकदा त्या रक्ततपासणीचे आकडे तारखांशी जुळवत शेडमध्येच बसल्या आणि एकाएकी थबकल्या. भीतीचं संप्रेरक जवळजवळ प्रत्येक नमुन्यात चढलेलं होतं. फक्त रविवारच्या नमुन्यांत ते उतरलेलं होतं. रविवारी पहारेकऱ्याची सुट्टी असे.

सोमवारी बाई पहाटेच येऊन आमच्यात गवतावर बसल्या. कुत्रा आला. आम्ही कोपऱ्यात दाटलो. बाईंनी माझ्या छातीवर हात ठेवला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

काका आल्यावर बाईंनी त्यांना सगळं समजावलं. पिल्लासाठी मेंदू अंडाशयाला थोड्या थोड्या वेळानं निरोप धाडत असतो. भीती रोजची झाली की तिचं संप्रेरक हे निरोप अडवतं. निरोप विरळ झाले की अंडं वेळेवर सुटत नाही, माजही येत नाही. मग खाली मान घालून त्या म्हणाल्या, "काका, चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी."

काका थोडा वेळ माझ्या पाठीवरचं गवत काढत राहिले. "शंका आली त्याचं काही नाही, बाई. पण मी सांगितलं ते एकदा येऊन बघायला हवं होतंत."

कुत्र्याची जागा फाटकापाशी केली. महिन्याभरात आठ जणी माजावर आल्या. मी सर्वांत शेवटी आले, कारण माझा विश्वास उशिरा बसतो. त्या खेपेला मला एक काळं कोकरू झालं.

मित्रांनो, आता मी व्यायची थांबले आहे. एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं जनावर दूध देईना, अंडं देईना, पिल्लू देईना, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा त्याच्याशेजारी बसा. ते कुठे बघतंय, ते बघा.