नदीबाईंचा फळा

भूगोलाच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे नदीबाई म्हणायची, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. नदीचा धडा त्या अशा शिकवत की पहिल्या बाकावरची मुलं पाय वर घेऊन बसत. हात खडूने डोंगर काढी, डोंगरातून एक बारीक रेघ निघे आणि बाई सांगत राहत, "इथे ती लहान आहे बरं का, हट्टी आहे, दगडाशी भांडते." रेघ रुंद होत फळ्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्रात जाई, तेवढ्यात घंटा होई. मग बाई फडकं घेऊन फळा या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख पुसत आणि मगच वर्गाबाहेर पडत.

त्या शाळेत हे पुसणं कुणी हलक्यात घेत नसे. पुढच्या माणसाला फळा स्वच्छ मिळाला पाहिजे म्हणजे पाहिजे. इतिहासाच्या बाईंनी एकदा अख्खी लढाई फळ्यावर तशीच सोडली, तर गणिताच्या सरांनी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. खोटं कशाला सांगू, चहासुद्धा त्यांच्याकडे पाठ करून प्यायचे.

आणि आता नदीबाईंचा आवाजच जायला निघाला होता. घशात गाठ होती. सुट्टी लागली की ऑपरेशन. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जिवाला धोका नाही, आवाजाचं मात्र काही खरं नाही. घरी धाकटी बहीण "ताई, तू बोलू नकोस, गप्प बस" म्हणायची आणि स्वतःच डोळे पुसायची. बाई रडल्या नाहीत. त्यांना एकच घोर लागला. मुकी बाई वर्गात काय करणार?

हेडमास्तर माणूस चांगला. म्हणाले, "बाई, नवा बोर्ड आलाय. बोटाने चित्र काढायचं, काढता काढता बोलायचं. चित्र आणि आवाज दोन्ही त्या पानावर राहतात. सुट्टीआधी धडे भरून ठेवा. मग तुम्ही नुसत्या उभ्या राहा, बोर्ड बोलेल. आणि नाहीच जमलं तर..." पुढचं त्यांनी गिळलं. पुढे ग्रंथालय होतं. पुस्तकांना नंबर चिकटवायचे आणि भिंतीपलीकडून दुसऱ्यांचे तास ऐकायचे. त्यापेक्षा घरी बसलेलं परवडलं, असं बाईंच्या मनात आलं.

बोर्ड शिकवायला एक तरुण बाई येई. शिक्षक तिला तोंडावर मॅडम म्हणत, मागे बोर्डवाली. शाळा सुटली की ती शिक्षकांची शाळा भरवी. गणिताचे सर बोर्डाला हात लावण्याआधी रुमालाने बोट पुसून घेत. इतिहासाच्या बाई बोर्डाशी ओरडून बोलत, जणू तो बहिरा आहे. बोर्डवाली कधी हसली नाही. वर्गभर पोरांना न घाबरणारं माणूस एका बटणासमोर का चाचरतं, हे तिला कळत होतं. आपलं हसं होईल ही भीती भल्याभल्यांना सुटत नाही.

नदीबाईंना मात्र तो बोर्ड पहिल्या दिवसापासून आवडला. बाकीचे शिक्षक घरी गेले, दुपार कलली, की त्या त्याच्यासमोर उभ्या राहत. बाई लाजू नयेत म्हणून बोर्डवाली बाहेर व्हरांड्यात जाऊन बसे. रिकाम्या बाकांवर निळसर उजेड पडलेला असे. बोट फिरे तिथे नदी उमटे, खडू नाही, धूळ नाही, नुसतं पाणी. बाई हळू आवाजात सांगत जात आणि सांगता सांगता कुठे जात त्यांचं त्यांनाच कळत नसे. पायाखाली गार लागे. खिडकीचा पडदा हलला की पलीकडच्या काठावरून कुणीतरी येतंय असं वाटे. खिडकीतून उतरलेलं ऊन फरशीवरून बाकांपर्यंत चढे आणि बाई त्याच्या बरोबरीने वाहत समुद्राशी पोचत. मग एक दीर्घ श्वास घेऊन त्या जाग्या होत.

दुसऱ्या दिवशी बघावं तर पान कोरं! नदी नाही की आवाज नाही. बोर्डवालीने वायर बदलली, कंपनीला फोन करून भांडून झालं. पुन्हा धडा भरला, पुन्हा कोरा. "जाऊ दे गं पोरी, मला यंत्र धार्जिणं नाही," बाई म्हणाल्या. पण दर वेळी आवाज थोडा कमी होत होता. डब्याच्या तळाशी पीठ उरावं तेवढाच उरला होता.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बोर्डवाली व्हरांड्यात गेलीच नाही. मागच्या बाकावर ठाण मांडून बसली. बाईंनी नदी काढली, सांगितली, समुद्रात सोडली. मग सहज बोट उचलून कोपऱ्यातल्या टोपलीच्या चित्रावर टेकवलं. हे पान काढून टाकायचं का, असं बोर्डाने विचारलं. बाईंनी हो म्हटलं. बोर्ड पांढराफटक झाला.

"बाई!" बोर्डवाली ताडकन उठली. "हे काय केलंत?"

"पुसला. पुढच्याला काय घाण फळा द्यायचा?"

"रोज पुसत होतात?"

"मग! तो बिचारा विचारतोसुद्धा, नक्की का म्हणून. मी हो म्हणते."

बोर्डवालीने कपाळावर हात मारला आणि बाकावर बसून पोट धरून हसली. बाईही हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. मग त्या कोऱ्या बोर्डाकडे वळल्या. सगळ्या नद्या आपणच आपल्या हाताने पुसल्या, हे त्यांना आता कळत होतं. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.

"पुन्हा भरते," त्या म्हणाल्या.

"बाई, घशाला त्रास होईल."

"होऊ दे. आता जपून कुणासाठी ठेवू?"

त्यांनी पुन्हा डोंगर काढला. आवाज खरखरीत होता, मध्येच बसत होता, पण नदी चालत राहिली. ऊन बाकांवरून उतरून भिंतीवर गेलं. समुद्र आला. बाईंचा उजवा हात आपोआप टोपलीकडे निघाला, तो त्यांनी डाव्या हाताने धरला.

"पुसू का गं?"

"नको, बाई."

"गणिताचे सर रागावतील."

"रागावू देत."

"कसंतरीच होतंय बघ. दार सताड उघडं टाकून घराबाहेर पडल्यासारखं." वर्गातून जाताना त्या दोनदा मागे वळल्या. या सगळ्या गडबडीत आवाज थांबवायचं बटण दाबायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. सुट्टी संपली, बाई गळ्याला रुमाल बांधून वर्गात आल्या. मुलं कधी नव्हे ती चिडीचूप. बाईंनी बोर्डाला बोट लावलं. डोंगर उमटला, बारीक रेघ निघाली आणि तो खरखरीत आवाज म्हणाला, "इथे ती लहान आहे बरं का, हट्टी आहे." बाई स्वतःचा आवाज ऐकत उभ्या राहिल्या. आधी जीव गलबलला. मग त्या पहिल्या बाकाकडे बघायला लागल्या, कारण तिथे एकेक पाय वर चढत होता.

नदी समुद्राला मिळाली. घंटा झाली. बाईंचा हात सवयीने वर गेला, आणि बोर्ड बाईंच्याच आवाजात विचारता झाला, "पुसू का गं?"

बाई दचकल्या. हे तर धड्यात नव्हतं! हात टोपलीपाशी तसाच राहिला. मुलांनी बोर्डाकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि सगळा वर्ग ओरडला, "नको!"

सगळ्यात मोठ्याने ओरडले ते गणिताचे सर. पुढचा तास त्यांचा होता आणि ते कधीचे दारात उभे होते.