वर तरंगले तरी कच्चे

नव्या वर्षाचा पाचवा दिवस. बीजिंगच्या गल्लीत फटाक्यांचा लाल कचरा वाऱ्यावर भिरभिरत होता आणि स्वयंपाकघरात लुओ हुआइआनच्या सासूची जीभ सुरीहून चपळ चालली होती.

"या जावईबापू! दुसऱ्या सासूनं सुट्टी दिली वाटतं?"

हुआइआन नुसता हसला. अणूच्या गाभ्याचं गूढ विद्यापीठात शिकवणारा हा माणूस काही वर्षांपूर्वी एकाएकी नाहीसा झाला होता. त्याचे लेख छापून येईनात, पत्ता कुणाला कळेना. कुठे असतो, काय करतो, हे बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ होती. आता कुठे पहिली सुट्टी मिळाली होती.

सकाळीच त्याच्या बायकोनं, युनश्यूनं विचारलं होतं, "दुसरी कोणी आहे?"

"नाही."

"मग असतोस कुठे?"

तो कोटाची बटणं लावू लागला.

"असा गप्पच राहणार असशील, तर मी आणखी वाट बघायची नाही," असं म्हणून तिनं मान फिरवली ती फिरवलीच.

"बसून काय राहिलात? ज्याओत्झ तरी उकळा!" सासू म्हणाली.

तो हौसेनं उठला. पाण्याला आधण आलं. कोबी-मांसाचं सारण पोटात घेऊन ते गोरे गोरे कानवले बदकांसारखे तरंगू लागले.

"काढा की आता!"

"थांबा हो आई. वर आले तरी पोटात कच्चे असतात."

"हे कुठल्या गावचं शास्त्र?"

तो आपला ढवळत राहिला. पाऱ्या फुटल्या, सारण सुटलं, पातेल्यात पेज झाली.

"वा प्रोफेसर! संसाराचं केलंत तेच ज्याओत्झचं केलंत!"

काय चुकलं ते हुआइआनला तेव्हा उमगलं. तिकडे, आभाळाला टेकलेल्या पठारावर, पाणी धड तापायच्या आतच उकळतं. काहीही शिजवायचं तर तास तास रटरटत ठेवावं लागतं. हात त्याच सवयीनं चालला होता. आणि हा धडा युनश्यू दरवर्षी शाळेत मुलांना शिकवत होती.

तिनं पातेल्यात पाहिलं. मग त्याच्या थंडीनं उललेल्या गालांकडे.

"म्हणजे तू उंचावर..."

त्याच्या हातातला झारा खणकन पडला. चेहरा पांढराफटक.

ती थबकली. वाकून तिनं झारा उचलला.

"आई, त्याला बोलू नकोस. जास्त वेळ ठेव, असं मीच सांगितलं होतं."

"मोठी आली मास्तरीण!"

युनश्यूनं दोन वाडग्यांत पेज ओतली, वरून काळं व्हिनेगर घातलं, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली.

"खा. पुढच्या वेळी येशील तेव्हा मी उकळेन."

"हे काय गं," सासू ओरडली, "लगदा खाऊन हसताय काय दोघं?"