चुनखडीतली मुळं

भूगोलाच्या बाई द्राक्षांच्या वाटेला लागल्या, तेव्हा थोरल्या भावानं डोक्याला हात लावला होता. "नद्या-डोंगर सोडून दारूच्या मागे लागलीस? आईला काय सांगू?" पण कोणत्या खडकावरच्या वेलीची वाइन कशी होते, हे शोधण्यात बाईंचा जीव रमला. प्रबंध झाला, विद्यापीठात नोकरी लागली, मळेवाले सल्ल्याला येऊ लागले.

त्यातल्या एका मालकिणीला बाई म्हणाल्या, "खालची काळी जमीन राहू द्या. वरच्या चुनखडीच्या उतारावर वेली लावा."

"दगडावर द्राक्षं?" मालकिणीचे सासरे उसळले. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

तरी सुनेनं बाईंचा शब्द मानला. वेली रडतखडत का होईना, वाढल्या, फळंही धरू लागल्या. मग एका वर्षी पावसानं दगा दिला आणि मालकिणीचा फोन आला. "बाई, पानं पिवळी पडून गळताहेत. मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही या."

बाईंनी पहिली बस धरली. पुस्तकात सगळं बरोबर होतं. पण पुस्तकावर कुणाचं घर चालत नाही.

पोचल्या पोचल्या त्यांनी एका वेलीशेजारी खड्डा खणायला लावला. पहार खडकावर खणखणत राहिली. पुरुषभर खोल गेल्यावर बाई स्वतःच आत उतरल्या. खडकाच्या फटीत दोऱ्यासारखी पांढरी मुळं शिरली होती. त्यांनी तिथलं एक ढलपं उचकटलं, गालाला लावलं. गार होतं. ओलं होतं!

"अहो, हात पुढे करा!" त्यांनी ते काठावरच्या सासऱ्यांना दिलं.

म्हाताऱ्यानं अंगठ्यानं दाबून पाहिलं. "यात ओल आहे की!"

"खडकानं पाणी धरून ठेवलंय, मुळं तिथवर पोचलीत. वेल शहाणी आहे, पानं टाकून घड राखतेय. घाबरू नका."

मालकीण मटकन खाली बसली. "किती दिवस डोळ्याला डोळा नाही हो," म्हणता म्हणता तिला हसूच फुटलं. सासऱ्यांनी हात देऊन बाईंना वर घेतलं आणि सुनेकडे वळले. "ऊठ गं. पाहुण्यांना उपाशी ठेवतेस का?"

ते तिच्याशी बोलले!

बाई जेवायला बसल्या. सकाळपासून घास उतरला नव्हता; आता त्यांनी लाज सोडून दुसऱ्यांदा वाढून घेतलं. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं तशा ढाराढूर झोपल्या. उतरायचा थांबा मागे गेला, तरी त्यांना पत्ता नव्हता.